आपल्या पायाखालचे बेट

1987च्या एप्रिलमध्ये आमच्या अण्णांनी पारनेरच्या पठारावरच्या शेतात बोअर घेतली. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून बांधालगतची जागा दाखवली होती. गाडी रात्री नऊला लागली आणि घरातले सगळे पहाटेपर्यंत तिच्याभोवती उभे होतो. आधी काळी माती उडाली, मग मुरमाचा पिवळट धुरळा, मग राखाडी भुकटी. नव्वद फुटांच्या आसपास भुकटीचा रंग एकदम बदलला. भाजलेल्या विटेचा चुरा असावा तशी तांबडी भुकटी दहा-पंधरा मिनिटे उडत राहिली. आमचे कपडे, तोंडे, गोठ्यातल्या बैलांच्या पाठी, सगळे तांबडे झाले. मग पुन्हा राखाडी. अडीचशे फुटांवर गाडीवाल्याने मशीन बंद केले आणि म्हणाला, "काका, कोरडीच गेली." कांद्याचे आलेले पैसे आणि आईच्या पाटल्या त्या सहा इंचांच्या भोकात गेल्या. अण्णा त्यावर एक सपाट दगड ठेवून घरी आले आणि त्या बोअरबद्दल पुढे कधी बोलले नाहीत.

मी तेव्हा नगरला कॉलेजात भूगोल घेऊन शिकत होतो. सुट्टी संपल्यावर त्या तांबड्या भुकटीची पुडी घेऊन सरांकडे गेलो आणि विचारले, "काळ्या पाषाणाच्या खाली, नव्वद फुटांवर, हे काय?" सरांनी चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाले, "ही माती आहे. कधीतरी ही जमिनीवर होती, हिच्यावर ऊन-पाऊस पडला. मग वरून लाव्हा आला आणि ही भाजून गाडली गेली." मी गप्प झालेला पाहून पुढे म्हणाले, "आणि ही माती झाली तेव्हा नगर इथे नव्हते. एका बेटावर होते. विषुववृत्ताच्या खाली."

त्या बेटावर मी तेव्हापासून अडतीस वर्षे जातो आहे. विमान लागत नाही, एसटी पुरते. शिक्षक म्हणून नोकरी लागली ती याच जिल्ह्यात, त्यामुळे शाळेच्या सहली, रविवार आणि मे महिन्याच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. यंदा निवृत्त झालो, म्हणून जे समजले ते एकदा लिहून काढतो आहे.

आधी बेटाचे. भारत हा पूर्वी दक्षिणेतल्या गोंडवन नावाच्या विशाल भूखंडाचा भाग होता हे शाळेत सगळेच शिकतात. तो भूखंड फुटत गेला. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून सुटले आणि भारताचा तुकडा एकटा उत्तरेकडे निघाला. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकू लागला आणि हिमालय उभा राहू लागला. या दोन घटनांच्या मधल्या काळात भारत समुद्रात तरंगत निघालेले एक प्रचंड बेट होते. त्या बेटावर 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. आज त्या लाव्हाने झाकलेला प्रदेश सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर उरला आहे. झिजून गेला तो वेगळाच. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा असलेला आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येते) नद्यांकाठचा गाळ सोडला तर जवळपास सगळा त्याच लाव्हाचा आहे.

हे बेट तेव्हा पूर्णपणे एकाकी होते का, यावर अभ्यासकांत वाद आहेत. इथल्या जीवाश्मांत आफ्रिकेशी आणि आशियाशी नाते सांगणारे प्राणी सापडतात, म्हणजे अधूनमधून काही ये-जा चालू असावी. पण चहूबाजूंनी समुद्र होता आणि ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज मॉरिशस आणि रीयुनियन आहेत साधारण त्या अक्षांशांच्या आसपास होते, याबद्दल शंका नाही.

हे कशावरून कळले, असे मुले दरवर्षी विचारतात. उत्तर आमच्या बांधावरच्या दगडात आहे. लाव्हात लोहाच्या खनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा थिजून थंड होत जातो तेव्हा त्या कणांचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागते आणि दगड निवला की तसेच अडकून बसते. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवांकडे जाल तशी कलते. त्यामुळे दगडातला तो कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते सांगता येते. 1950च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे दगड असे मोजले. ब्लॅकेट हे 1948चे नोबेलविजेते. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक हसण्यावारी नेत होते. दख्खनच्या दगडांतला कल मात्र आजच्या जागेशी जुळेना. तो जुळत होता दक्षिण गोलार्धातल्या जागेशी. खंड सरकतात हे जगाने पुढे मान्य केले त्यामागच्या पुराव्यांत आपल्याकडचा काळा पाषाणही आहे.

ज्या तप्त स्थानावरून हा लाव्हा आला असे मानतात, ते अजून तिथेच आहे. भारत त्याच्यावरून सरकून पुढे आला. आज त्याच्यावर फ्रान्सच्या ताब्यातले रीयुनियन बेट आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही दर काही काळाने लाव्हा ओकतो. शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी मुलांना त्याची चित्रफीत दाखवली होती. एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर गुळाच्या काहिलीसारखं दिसतंय." लाव्हाचे याहून नेमके वर्णन मी पुस्तकात वाचलेले नाही. काहिलीतला पाक वरून साय धरतो, आत उकळत राहतो, साय फुगते, कडेने फुटते आणि आतला पाक नव्या वाटेने बाहेर येतो. संगमनेरच्या परिसरात नेमका असाच लाव्हा पसरलेला आहे. पुण्याच्या भूवैज्ञानिकांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याला जो शब्द वापरला तोही एका उष्ण कटिबंधातल्या बेटाचाच आहे. हवाई बेटावरचे लोक गुळगुळीत सायीच्या लाव्हाला 'पाहोएहो' म्हणतात आणि खडबडीत, ढेकळांच्या लाव्हाला 'आआ'. हे दोन्ही शब्द आता जगभरच्या भूशास्त्राने उचलले आहेत. नाशिक रस्त्यावर कुठे डोंगर कापलेला दिसला की मी गाडी थांबवून पाहतो. थराच्या तळाशी बोरूएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. खालच्या ओलसर जमिनीवरून लाव्हा गेला तेव्हा वर सुटलेल्या वायूच्या त्या वाटा. कधी त्या एका बाजूला वाकलेल्या असतात, त्यावरून लाव्हा कोणत्या दिशेला सरकत होता त्याचा अंदाज येतो.

असा एक थर म्हणजे एक पोळी समजा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट, तो काळा पाषाण. मग पुन्हा पुढची पोळी. दोन पोळ्यांच्या मध्ये कधी काहीच नसते, कधी मात्र तो तांबडा पट्टा असतो. दोन उद्रेकांच्या मध्ये उसंत मिळाली, उष्ण दमट हवेत दगड कुजला आणि त्याची माती झाली, असा त्याचा अर्थ. काही तांबड्या पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही मिसळलेली असते, आणि त्या राखेने जगाला मोठी मदत केली. राखेत झिरकॉन नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येते. फेब्रुवारी 2019मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने पश्चिम घाटातल्या तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन मोजले होते, बर्कलीच्या गटाने खुद्द दगडातला आर्गॉन. बहुतेक लाव्हा साधारण 10 लाख वर्षांच्या आत वाहिला यावर दोघांचे जमले. डायनासोर नष्ट झाले त्याच्या आधी किती आणि नंतर किती, यावर जमले नाही. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीला किती दोष द्यायचा आणि आपल्या लाव्हाला किती, हा खटला अजून चालू आहे. त्यातला साक्षीदार आमच्या बोअरमधून उडाला होता आणि आम्ही तो आंघोळ करून धुऊन टाकला.

त्या बेटावर राहत कोण होते? आपल्या भागात या थरांत जीवाश्म विरळाच. पण मध्य प्रदेशातल्या घुघुआला लाव्हाच्या थरांमधल्या मातीत ताडवर्गीय झाडांचे दगड झालेले बुंधे आहेत आणि मुंबईत वरळी-मलबार हिलच्या थरांत बेडकांचे सांगाडे मिळाले. एकोणिसाव्या शतकातच त्यांचे वर्णन झाले होते. जिवंत पुरावा हवा असेल तर तोही आहे. 2003मध्ये केरळातून एका जांभळट, फुगीर, जमिनीखाली राहणाऱ्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग भारतात कुठेच नाहीत, ते सेशेल्स बेटांवर आहेत. सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी सुटला, लाव्हा वाहून फार काळ झाला नव्हता तेव्हाच. भावकी वाटून गेली, पण दोन्ही घरांत चेहरा तोच राहिला.

आता माझ्या वाऱ्यांकडे येतो. कळसूबाईला मी अकरा वेळा चढलो आहे. 1646 मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर, अकोले तालुक्यात. पहिल्या दोन-तीन वेळा मीही इतरांसारखा शिड्या, देऊळ आणि ढग पाहून आलो. मग ध्यानात आले की बारी गावातून वर जाताना दम लागतो तो टप्प्याटप्प्याने. कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. प्रत्येक कडा म्हणजे घट्ट पाषाण, प्रत्येक सपाटी म्हणजे मऊ मांजऱ्या किंवा तांबडा पट्टा झिजून झालेली पायरी. दख्खनच्या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्हाची जी वर्गवारी केली तिच्यातल्या तळाच्या उपगटाला नावच 'कळसूबाई' दिले आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतही कळसूबाईचे नाव रोज घेतले जाते. आमच्या आदिवासी बांधवांना हे सांगितले तर ते म्हणतात, "देवीच ती, घेणारच."

साम्रदच्या सांदण दरीत मात्र मी तीनदाच गेलो. जमिनीत पडलेली ती अरुंद चीर, दोन्ही बाजूंना सरळ कातळ आणि डोक्यावर आभाळाची चिंधी. मूळच्या भेगेच्या रेषेत पाण्याने ती कोरत नेली आहे. अलीकडे शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी असते की दगडापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. ती आशियातली कितव्या क्रमांकाची आहे याबद्दल प्रत्येक वाटाड्याचे मत वेगळे. क्रमांकांत मला रस उरलेला नाही.

मी खरा रमलो निघोजला. कुकडी नदीच्या पात्रात, अलीकडे निघोज आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, मध्ये काळ्या पाषाणात कोरलेले रांजणखळगे. मळगंगा देवीचे ठाणे असल्याने लोक त्यांना कुंड म्हणतात. 1991मध्ये पहिल्यांदा मुलांची सहल घेऊन गेलो तेव्हा मला भोके दिसली, एवढेच. फळ्यावर 'भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी नदीचा तळ घासून रांजणखळगे तयार होतात' हे वाक्य मी वर्षानुवर्षे लिहिले होते आणि ते मला समजलेले नव्हते. मेमध्ये पुन्हा गेलो. पाणी आटले होते. एका खळग्यात पाय टाकता येईल इतका उतरलो, तर तोंड लहान आणि पोट मोठे, खरोखरच रांजणासारखे. तळाशी पाच-सात गोटे, लिंबाएवढ्यापासून नारळाएवढे, इतके गुळगुळीत की हातात घेतल्यावर खाली ठेवावेसे वाटेनात. जाते होते ते. हेच गोटे फिरून भिंत घासतात आणि स्वतःही घासले जातात. झिजून संपले की नदी नवे आणून टाकते. खळग्याच्या भिंतीवर पांढरे ठिपके होते. लाव्हातले बुडबुडे नंतर गारगोटीच्या जातीच्या खनिजांनी भरले, ते घासून चकचकीत झालेले. कित्येक खळग्यांची सुरुवात अशाच एखाद्या बुडबुड्याच्या खाचेतून किंवा दोन भेगा मिळतात त्या जागी झाली असणार. शेजारशेजारचे दोन रांजण वाढत वाढत मधली भिंत फुटून एक होतात, तसे होत होत पात्रात आजची घळ तयार झाली.

तिसऱ्यांदा गेलो ते जुलैच्या पुरात. पाणी तांबूस, फेसाळ, खळगे दिसतच नव्हते. काठावर लांब, सुरक्षित जागी बसलो होतो. थोड्या वेळाने पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू यायला लागला. ठक, ठक-ठक, बंद घरात कुणी पाटा-वरवंटा चालवावा तसा. गोटे फिरत होते. फळ्यावरचे ते वाक्य मला त्या दुपारी समजले.

त्यानंतर मी दर एक-दोन वर्षांनी जातो, आणि तो आवाज पुन्हा इतका स्पष्ट मला दोनदाच ऐकू आला. वरच्या बाजूला कुकडी प्रकल्पाची धरणे आहेत. पाणी आता आवर्तनाने येते, ठरवून, मापून. ते आपल्या उसाला आणि कांद्याला हवे असते आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही, मीही शेतकऱ्याचाच मुलगा. पण गोटे आणि वाळू धरणाच्या गाळात अडकतात, आणि धरण भरून मोठा विसर्ग सुटेल तेवढाच पूर. म्हणजे हे कोरीव काम जवळपास थांबले असावे, असे मला वाटते. आपण पाहतो आहोत ते पूर्ण झालेले शिल्प नव्हे, कारागीर उठून गेलेले काम आहे. आता खळग्यांत गोट्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या फिरतात. काठ निसरडे आहेत आणि फोटोच्या नादात कडेला जाणाऱ्या पोरांना ओरडून माझा घसा बसतो. फोटो झुलत्या पुलावरून काढा, कडेवरून नको, एवढे इथेही लिहून ठेवतो.

निघोजला जाणाऱ्यांनी त्याच तालुक्यातल्या वडगाव दर्यालाही जावे. दर्याबाई-वेल्हाबाईच्या घळीत छतापासून लोंबणारे आणि जमिनीवरून वाढणारे लवणस्तंभ आहेत. असे स्तंभ म्हटले की आंध्रातली बोरा गुहा आठवते, पण तिथला दगड चुनखडी. आपल्याकडे चुनखडी नसताना स्तंभ कसे? काळ्या पाषाणातही कॅल्शियम असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना आम्लधर्मी होते, दगडातले कॅल्शियम हळूहळू सोडवून घेते आणि घळीच्या छतातून थेंब बाहेर आला की कॅल्साइट म्हणून मागे ठेवते. पारनेरच्या शिवारात विहिरीच्या मुरमात पांढरे चुनखडे लागतात, त्यांचे मूळही तेच. या स्तंभांना हात लावू नये. हाताचा तेलकटपणा बसला की थेंब नीट चिकटत नाही. तिथे बसले की आणखी एक गोष्ट दिसते. एवढ्या कोरड्या तालुक्यात हा कातळ उन्हाळ्यातही पाझरतो. पाणी कुठून येते आणि कुठे अडते, हे मला विहिरीच्या आधी या घळीने शिकवले.

2016मध्ये धाकट्या भावाने पुन्हा बोअरचा विषय काढला. पाठोपाठ दुष्काळाची वर्षे गेली होती, शिवारात सहाशे फुटांच्या बोअरी लागत होत्या. शेजाऱ्याची दोन हंगाम चालली आणि बंद पडली, तरी त्याचा हात धरता येत नव्हता. मी त्याला आमच्या आठ परस खोल जुन्या विहिरीत उतरवले. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि मांजऱ्या संपून काळा पाषाण लागतो तिथे, सहाव्या परसाला, झऱ्याची ओल. वरच्या पोळीचा सच्छिद्र, कुजलेला भाग पाणी धरतो, खालचा घट्ट पाषाण ते अडवतो. अण्णांच्या बोअरने तो पाषाण आणि तांबडा पट्टा फोडून खालची पोळी गाठली होती. तिच्याही वरच्या भागात बुडबुडे होते, पण ते गारगोटीने बुजलेले. भिजल्यावर फुगणारा तो तांबडा पट्टा तर वरचे पाणी खाली जाऊही देत नाही. बुडबुड्यांत पाणी असते असे नाही. भेगांत असते, आणि भेग कुठे आहे ते नारळ सांगत नाही. खोलवर भेग लागलीच तरी तिच्यातले पाणी जुने असते आणि परत भरायला फार वेळ घेते.

"मग काय करायचं दादा?" तो म्हणाला. 1972च्या दुष्काळाच्या वर्षी राज्याने भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी केली, तेव्हापासून तिचे लोक हेच सांगत आले आहेत की आपली टाकी म्हणजे वरचा थर, तो भरा. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाटपाण्यासाठी बोअर घ्यायचीच नाही असे ठरवले आणि दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरवली. मी भावाला तिथे घेऊन गेलो होतो. तो फारसे काही बोलला नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात त्याने ओढ्यावरचा फुटका बंधारा दुरुस्त करून घेतला, विहिरीतला गाळ काढला आणि कांद्याचे एक वावर कमी करून तिथे वाटाणा केला. पूर्वी संक्रांतीला तळ दाखवणारी विहीर बऱ्या पावसाच्या वर्षी पाडव्यापर्यंत चालते. 2018 साली पाऊसच झाला नाही, तेव्हा तिने डिसेंबरातच हात टेकले. बोअरवाल्याचा नंबर भावाच्या मोबाइलमध्ये अजून आहे, मला माहीत आहे.

या मेमध्ये आम्ही दोघे विहिरीच्या काठावर बसलो होतो. मी त्याला पुन्हा त्या तांबड्या पट्ट्याचे सांगत होतो, तो ऐकत होता, किंवा नव्हता.

"तुझ्या त्या बेटावर पाऊस किती पडायचा रे दादा?" त्याने विचारले.

"दगडाची माती होण्याइतका तरी."

"मग आपण चुकीच्या वेळी आलो," तो म्हणाला आणि मोटर चालू करायला उठला. त्या दिवशी ती पंचवीस मिनिटे चालली.